सातवं रीळ आधी

जावयाचा हिशेब साधा होता. जिन्याच्या पिक्चरची नवी कॉपी आणायची, सासऱ्यांचं थिएटर वाचवायचं, आणि त्या उपकाराच्या जोरावर माहेरी जाऊन बसलेली बायको घरी आणायची. बाल्कनीतली सासऱ्यांची खुर्ची मिळाली तर ती वरकमाई. यात जाणार काय? चार फोन, थोडी धावपळ. वाचणार होतं ते मात्र मोठं होतं: 'माझं चुकलं' हे दोन शब्द. ते त्याने जन्मात कुणाला दिले नव्हते. घराण्यातच कुणी दिल्याची आठवण नव्हती. त्याचे वडील एकदा चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी उतरले, तेव्हा तिथे मुक्काम ठोकून 'मला हेच गाव बघायचं होतं' असं त्यांनी सगळ्यांना पटवून दिलं होतं. शेवटी त्या गावातून येताना त्यांनी घोंगडीही आणली, पुरावा म्हणून.

जावई विमा कंपनीत पाहणीचं काम करायचा. दुकानाला आग लागली, गोदामात पाणी शिरलं, गाडीला ठोकर बसली की हा जाणार आणि खरं नुकसान किती, रचलेलं किती, ते ठरवणार. जळलेल्या फळीकडे बघून ती आगीत जळली की आग विझल्यावर कुणी मुद्दाम जाळली, हे तो उभ्याउभ्या सांगे. सगळे त्याला पाहणीवालेच म्हणत. घरच्या नुकसानीची पाहणी तेवढी राहिली होती.

बायकोला सगळे बेबी म्हणत. तिशी उलटली तरी बेबीच. ती शाळेत मुलांना नाच शिकवायची. शाळेच्या संमेलनात तिने जिन्याचं गाणं बसवलं. सुताराकडून लाकडी पायऱ्या करून घेतल्या, त्यांना चाकं लावली, चार दांडगी पोरं त्या पायऱ्या मागे ओढायला ठेवली आणि बाकीच्यांना त्यावर चढत नाचायला शिकवलं. दोन मुलांचे गुडघे फुटले, बेबीचा आवाज बसला, पण नाच बसला. आणि गाणं सुरू व्हायच्या बेताला पाहणीवाल्यांचा फोन वाजला. ते बाहेर गेले ते शिपाई खुर्च्या रचायला लागला तेव्हा परत आले. बेबीने विचारलं, कसं झालं. त्यावर पाहणीवाल्यांनी मान हलवत सांगितलं, "तो काय, बघितलेलाच आहे."

बेबी दुसऱ्या दिवशी आईबापांकडे गेली. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली. शेजारच्या शिंपिणीने तेव्हाच मत दिलं होतं की बॅग घेऊन गेलेली बायको परत येते, पण मशीन घेऊन गेलेलीला आणायला माणूस लागतो.

माहेर लांब नव्हतं, रस्ता ओलांडला की झालं. समोर थिएटर: एक पडदा, खाली खुर्च्यांच्या रांगा, वर बाल्कनी, आणि बाल्कनीच्या मागच्या अंगाला सासऱ्यांचं बिऱ्हाड. स्वयंपाकघर आणि पिक्चर दाखवायच्या मशीनची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. बेबीला लहानपणी झोपवायला कुणी गाणी म्हणावी लागली नाहीत. ती भिंतच म्हणायची.

एरवी त्या थिएटरात नवे पिक्चर यायचे, चालायचे, पडायचे. रविवारी सकाळी मात्र एकच, चाळीस वर्षं. हॉलिवूडचा, जुना, नाचगाण्यांचा. त्याला रीतसर नाव होतं, पण ते कुणी उच्चारायच्या भानगडीत पडत नसे. जिन्याचा पिक्चर म्हटलं की काम भागायचं. गोष्ट अशी की एका मोठ्या दुकानात सरकता जिना असतो, आणि त्या जिन्याशी उभा राहून बायकांना 'जपून चढा' म्हणणारा एक उंच, लुकडा माणूस असतो. वरच्या मजल्यावर हातमोजे विकणारी एक मुलगी असते. तिथपासून प्रेम, गाणी, भांडण, गाणं, आणि शेवटी सगळं दुकान नाचतं, तिजोरीवाला म्हातारासुद्धा. भाषा इंग्रजी, तीही तोंडात गोळी धरून बोलल्यासारखी. कुणाला कळायची नाही. गाणी मात्र सगळ्यांना पाठ होती, अर्थ सोडून.

गर्दी का व्हायची, याचं उत्तर शिंपीणच देऊ जाणे. ती म्हणायची की दुसऱ्या पिक्चरला पुढे काय होईल याची धाकधूक लागते, आणि धाकधूक काय, घरी आहेच की. इथे तो माणूस खाली येणाऱ्या जिन्यावरून वर नाचत चढतो. जिना त्याला खाली आणतो, तो वर चढतो, गाणं संपेपर्यंत जागच्या जागीच, आणि तरी शेवटी पोचतो. दर रविवारी बघते, एकदाही पाय घसरला नाही. असा एक तरी माणूस ओळखीचा असावा माणसाला.

पण त्या पिक्चरात एक गंमत होती, आणि ती बाहेरून आलेल्याला लगेच कळली असती. तो जिन्यावरून चढत जातो ते माफी मागायला. गुडघ्यावर बसतो, छातीवर हात ठेवतो, डोळ्यांत पाणी. भाषा न कळणाऱ्यालाही कळावं. मात्र तोवर त्याने काही चूक केलेलीच नसते. भांडण त्यानंतर होतं. तो रागाच्या भरात तिची हॅट पायाखाली चिरडतो, ती बॅग भरून जाते, आणि मग शेवटच्या नाचाला आपली आपण परत येते. म्हणजे आधी माफी, मग गुन्हा, मग बायको हजर.

यात भोकं होती. जिन्याच्या गाण्यात मुलीच्या हातात बॅग असते. लोक म्हणायचे, सुट्टीवरून आली असेल. तो तिला हॅट देतो ती आधीच चेपलेली, कडेला टाका घातलेली. लोक म्हणायचे, स्वस्तातली असेल. एकदा ठरवलं की माणूस कशालाही ठिगळ लावतो.

आणि हे ठरवलं होतं सासूबाईंनी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी थिएटरमालकाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा नाकीडोळी बरा, पण तापट, आणि त्या घरात पुरुषांनी बायकांपुढे नमतं घ्यायची पद्धत नाही, अशी माहिती निघाली. त्यांनी नकार कळवायचं नक्की केलं होतं. तेवढ्यात हा पिक्चर लागला. पहिल्याच खेळाला त्या बहिणीबरोबर येऊन बाल्कनीत बसल्या, आणि बाहेर पडताना मुलाला म्हणाल्या की त्या जिन्यावाल्यासारखी चूक करायच्या आधीच माफी मागून ठेवणारा नवरा असेल, तर विचार करीन. मुलाने तिथल्या तिथे, तिकीटखिडकीसमोर, पुढच्या सगळ्या चुकांची माफी एकरकमी मागून टाकली. लग्न झालं.

ती माफी मग चाळीस वर्षं पुरली. सासरे पाहुणे सांगून विसरले, बाईंच्या बहिणीच्या लग्नाला उशिरा पोचले, पोळलेल्या हाताला मलम आणायला म्हणून गेले आणि दुकानदाराशी गप्पा मारत बसले. दर वेळी सासूबाई डोळे मोठे करायच्या आणि मग म्हणायच्या, जाऊ दे, आगाऊ मागितलीय. लोक या जोडप्याचं उदाहरण देत असत. बेबी त्यावरच वाढली. तिच्या लग्नात सासऱ्यांनी जावयाला बाजूला घेऊन सल्ला दिला होता की एकदाच मागून टाक, जन्माची कटकट मिटते. जावई हसला होता. नुकसान झाल्याशिवाय भरपाई नाही, असा आमच्याकडे नियम आहे, म्हणाला होता.

आता खरी गोष्ट. त्या पहिल्या खेळाच्या दिवशी थिएटरच्या ऑपरेटरला गालगुंड झाले होते. मशीनवर मालकाचा मुलगा स्वतः होता. मशीनच्या खोलीला एक चौकोनी भोक असतं, पडदा दिसायला. त्यातून मान वाकडी केली तर बाल्कनीही दिसते. त्याने सबंध खेळ मान वाकडी करून काढला. डब्यावरचे आकडे बघायला डोळे उरले नाहीत, आणि पाचव्या रिळामागून सहाव्याऐवजी सातवं चढलं. ऑपरेटर बरा होऊन आला, डबे बघून म्हणाला, सहा-सात उलटं लागलं होतं काय? मुलाने दार लावून घेतलं. इथून पुढे सातवंच आधी लावायचं, म्हणाला. ऑपरेटरने विचारलं का, तर म्हणाला, "माझं लग्न आहे त्यात."

ऑपरेटरही तसा समजूतदार. त्याने चाळीस वर्षं सातवं आधी लावलं आणि तोंड उघडलं नाही. दोघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तर अशी ती फिल्म आता अखेरच्या घटका मोजत होती. मूळचे रंग कुणाला आठवू नयेत इतक्या वर्षांपूर्वीच उडून सगळं गुलाबी झालं होतं, गुलाबी माणसं, गुलाबी जिना, गुलाबी रात्र. जोड इतके सुटायचे की ऑपरेटर खेळभर हातात चिकटपट्टी धरून उभा. एका रविवारी शेवटच्या नाचात ती तुटली आणि पुन्हा तुटली, आणि लोकांनी उरलेला नाच अंधारात टाळ्या वाजवून पुरा केला. त्यानंतर सासरे म्हणाले, बंद करू रविवार. आणि रविवार बंद म्हणजे थिएटरच बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे दिवस त्या रविवारच्या जीवावर उभे होते.

जावयाने इथे संधी ओळखली. त्याने शोध घेतला. परदेशात कुणीतरी जुन्या पिक्चरांची डागडुजी करतं, हाही त्यात आहे, मूळ रंग, मूळ आवाज, कॉम्प्युटरवर चालणारी कॉपी. सासऱ्यांकडे जेवायला बसून बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंनी जावयाच्या ताटात न मागता वाढलं. बेबी उठून आत गेली नाही, हेही त्याने टिपलं. सासऱ्यांचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, नवी कशाला, जुन्यात जान आहे. मग म्हणाले, मूळ रंग लोकांना सोसणार नाहीत. मग म्हणाले, पिक्चर सगळा येतो का, की तुकडे तुकडे येतो? सगळा, आणि जसा काढला तसाच, जावई अभिमानाने म्हणाला. सासऱ्यांना घास लागला.

जावयाने याचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावला: म्हातारा खुर्ची सोडायला तयार नाही. ऑपरेटर आणि सासरे त्या आठवड्यात बरेचदा जिन्याखाली उभे राहून कुजबुजताना दिसले. ऑपरेटर म्हणे, सांगून टाका. सासरे म्हणत, चाळीस वर्षांनी? ऑपरेटर म्हणे, मग आजारी पडा. सासऱ्यांनी तेही केलं, पण सासूबाईंनी काढा देऊन त्यांना शनिवारपर्यंत ठणठणीत केलं.

रविवारी थिएटर असं भरलं होतं की शिंपिणीला नवऱ्याच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीवर शेजाऱ्याचं पोर ठेवावं लागलं. वर बाल्कनीत पहिल्या रांगेत सासरे, बेबी आणि सासूबाई. खाली शेवटच्या रांगेत दाराजवळ जावई, नेहमीसारखा, म्हणजे फोन आला की निसटता यावं.

अंधार झाला आणि पहिला धक्का रंगांनी दिला. मुलीचा कोट गुलाबी नव्हता, निळा होता. जिनेवाल्याचे केस लाल निघाले. शिंपी मोठ्याने म्हणाला की मी त्या कोटावरून निदान दहा बायकांना गुलाबी कोट शिवलेत. लोक हसले, आणि मग मजेत आले. पाहणीवाल्यांचं नाव घेऊन टाळ्या पडल्या. जावयाने अंधारात टाय सरळ केला.

पाचवं रीळ संपायच्या जागी (आता रीळ नव्हतं, पण लोकांच्या अंगात ते होतं) सगळे पुढे सरकून बसले. आता जिना. अर्ध्या थिएटरने तोंड उघडलं, पहिला सूर लावला. आणि पडद्यावर हॅट चिरडली गेली.

सूर तसाच लोंबकळत राहिला. मग ओरडा सुरू झाला. रीळ चुकलं, रीळ चुकलं, खुर्च्या वाजायला लागल्या, ऑपरेटरच्या नावाने लाखोली. ऑपरेटर मशीनच्या खोलीतून बाहेर येऊन दोन्ही रिकामे हात वर करून उभा राहिला. म्हणाला, हातात रीळच नाही, चुकणार कुठून? मग सगळ्यांना आठवलं की कॉपी कुणी आणली. पाहणीवाल्यांचं नाव पुन्हा घेतलं गेलं, पण या वेळी टाळ्या नव्हत्या.

खरं तर त्या क्षणी सबंध थिएटरात पिक्चर बघणारा एकटा तोच होता. सहा वर्षांच्या संसारात शंभरदा या दारातून आतबाहेर करूनही त्याने तो कधी सलग बघितला नव्हता. त्यामुळे त्याला काही उलटं वाटायचं कारणच नव्हतं. एका माणसाने रागात एक वस्तू मोडली. ती कुणाची, कुणी, कशाने, सगळं समोर होतं. तो माणूस नंतर दुकानभर फिरून प्रत्येकाला आपलं कसं बरोबर होतं ते सांगतो, आणि प्रत्येक जण मान हलवतो, आणि कुणालाच ते पटलेलं नसतं. जावयाला तो चेहरा ओळखीचा वाटला. रोज दाढी करताना दिसायचा. खिशात फोन वाजायला लागला. त्याने न बघता बंद केला.

आणि मग जिना आला. मुलगी वर, हातात बॅग. खाली तो, हातात हॅट. चेपलेली, कडेला टाका घातलेली.

गाणं पाठ असलेल्या लोकांनी सवयीने दोन ओळी म्हटल्या आणि मग एकेक आवाज गळत गेला. शिंपीण म्हणाली, अगं बाई, ती हॅट. त्याने ती शिवून आणलीय, असं तिला म्हणायचं होतं. चाळीस वर्षं लोक त्या माणसाच्या पायांकडे बघत आले होते. आज पहिल्यांदा तो कुठे चाललाय आणि कशासाठी, हे कळलं. जिना त्याला खाली आणत होता, तो चढत होता. तो पोचला तेव्हा शिंप्याने मांडीवरच्या पोराला इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

वर बाल्कनीत सासरे चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. सासूबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"मशीनवर मीच होतो त्या दिवशी," सासरे म्हणाले. "चुकून लागलं. देवाशप्पथ चुकून."

"आणि नंतर?"

"नंतर तू हो म्हणाली होतीस."

बेबी दोघांच्या मधे बसली होती, ती हळूच मागे टेकली. पडद्यावर सगळं दुकान नाचायला लागलं होतं. सासूबाई तो नाच बघत राहिल्या. सासऱ्यांचं म्हणणं असं की त्या वेळात त्यांना घाम फुटला, आणि घामाबरोबर छातीवरची धोंडही उतरली. आता काहीही होवो, डबे लपवायचे नाहीत. बाईंचे खांदे हलायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिने त्यांच्या हातातला चष्मा काढून घेतला, त्यांच्या नाकावर बसवला आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझी अजून एकदाही माफी मागितलेली नाही."

खाली दिवे लागले. जावयाच्या खिशात कागद होता, कॉपी मुळाबरहुकूम असल्याचा, शिक्क्यासकट. दारात उभा राहून तो कागद उंच धरला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्याने तो काढलाही नाही. तो बाल्कनीच्या जिन्याकडे वळला.

आणि वरून बाल्कनी उतरत होती. अरुंद जिना, सगळे खाली येताहेत, हा एकटा वर. पहिल्याच पायरीवर एका दंतवैद्य बाईंनी अडवलं. आमचा पिक्चर मोडलात तुम्ही, म्हणाल्या. त्याला वर जायचं होतं. वाद घालत बसलं तर बेबी मागच्या दाराने घरात जाणार. म्हणून तो म्हणाला, माझं चुकलं, जाऊ द्या. बाई बाजूला झाल्या. त्याला नवल वाटलं. मागून एक टॅक्सीवाला, म्हणे वीस वर्षं येतोय मी. माझं चुकलं. त्याच्यामागे दोघी बहिणी, त्यांनाही माझं चुकलं. गर्दी त्याला दोन पायऱ्या खाली ढकलायची, तो तीन चढायचा. अर्ध्या जिन्यापर्यंत त्याने निम्म्या वस्तीची माफी मागून टाकली होती, तीही न केलेल्या चुकीची, आणि जिभेला काही झालं नव्हतं. वर पोचला तेव्हा टाय मानेमागे गेला होता आणि एक बूट अर्धा निघाला होता.

बेबी कठड्याला टेकून हे सगळं बघत होती.

"मी बघितला नव्हता," तो म्हणाला.

"कुठला?"

"कुठलाच. हाही नाही, आणि तुझ्या मुलांचा तर नाहीच. बघितलेलाच आहे म्हणालो ते खोटं. जागेवर न जाता शेरा मारला." त्याला दम लागला होता. "माझं चुकलं, बेबी."

"हेच खाली सगळ्यांना म्हणत होतास ना?"

"ती तालीम होती."

ती हसली नाही, पण हसू दाबायला तिला खाली बघावं लागलं, आणि तिथे अर्धा निघालेला बूट होता. मग नाइलाज झाला. हसून झाल्यावर ती माहेरच्या वळणावर गेली. म्हणाली, आता पुढचीही मागून ठेव.

"आगाऊ नाही," जावई म्हणाला. "होईल तेव्हाच्या तेव्हा. आगाऊ घेऊन आईंचं काय झालं, बघतेस ना."

मागे आईंनी बाबांना खुर्चीतून उठू दिलं नव्हतं.

दुपारी जावयाने शिलाई मशीन रस्ता ओलांडून नेलं. हमाल बोलावणार होता, पण शिंपीण दारात खुर्ची टाकून बसली होती आणि तिच्यासमोर हमाल बोलावण्यात अर्थ नव्हता. घरी पोचून मशीन ठेवलं आणि वाकलेला तो वाकलेलाच राहिला. तीन दिवस पाठ शेकावी लागली. शेकताना बेबीने मुलांचा जिना घरातल्या चार खुर्च्यांवर त्याला करून दाखवला, आणि पालथा पडल्यामुळे त्याला तो शेवटपर्यंत बघावा लागला. पुन्हा दाखव, म्हणाला, तेव्हा तिला वाटलं चेष्टा करतोय. करत नव्हता.

आता कुणाला काय मिळालं आणि भरलं कुणी, ते बघू. लोकांनी दुसऱ्याच दिवशी येऊन आपला पिक्चर परत मागितला. सासूबाईंनी निवाडा केला: एक रविवार सरळ, एक रविवार उलटा. उलट्या रविवारी ऑपरेटर पाचव्याच्या शेवटी कॉम्प्युटर थांबवतो, सातव्यावर उडी मारतो, मग मागे येतो. सरळ रविवारी थिएटर रडतं, उलट्या रविवारी गातं, आणि दोन्ही रविवारी बाहेर हाऊसफुल्लची पाटी लावावी लागते. म्हणजे लोकांचं काहीच गेलं नाही, एकाच्या जागी दोन पिक्चर मिळाले. ऑपरेटरचे डबे उचलायचे सुटले. जावयाला बायको मिळाली, फुकट मिळायची होती ती रोख पडली, आणि सुटे पैसे उधळावेत तशा जिन्यावर वाटलेल्या माफ्या गेल्या त्या वेगळ्या. पण तो तक्रार करत नाही. संमेलनाला पहिल्या रांगेत बसायचं म्हणून त्याने आतापासून फोन घरी ठेवायचा सराव चालवलाय. खुर्ची तेवढी हुकली. ती रिकामी व्हायची लक्षणं नाहीत.

कारण भरपाई सगळी त्याच खुर्चीत चालू आहे. संध्याकाळी, खेळ नसताना, बाल्कनीत दोघं बसतात. सासूबाई पहिल्यापासून एकेक आठवतात, क्रम न चुकवता, आणि सासरे एकेकाची माफी मागतात. कधी एका दमात मंजूर होते, कधी बाई म्हणतात, परत म्हणा, मनापासून नाही वाटलं. ते परत म्हणतात. मलमाचं प्रकरण दोन संध्याकाळी चाललं. बेबीने एकदा विचारलं, बाबा, दमत नाही का? तर म्हणाले, उलट झोप चांगली लागते गं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सध्या ते लग्नाच्या तिसऱ्या वर्षात आहेत.